पहिली वाटी

"ताई, चिच घाला बरं का भरपूर. रानचं तेरं हाय ह्ये, घसा धरतंय."

जांभळी नाक्याच्या बाजारात, येऊरच्या डोंगरावरून आलेली ती बाई पानांची जुडी माझ्या पिशवीत कोंबता कोंबता म्हणाली. "माहीत आहे हो," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. पन्नाशी उलटलेल्या कायस्थ बाईला अळूत चिंच घालायला शिकवतेय! भाजीचं साधं अळू त्या दिवशी बाजारात औषधालाही नव्हतं. श्रावणातला रविवार, घरोघरी अळूचं फदफदं. म्हणून रानातलं तेरं घेतलं. दिसायला अळूच, पण खाजरं. तोवर माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून विश्वास बसेल न बसेल.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. ठाण्यात आमच्या तीन घरांचा एक शिरस्ता होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आळीपाळीने एकाकडे रात्रीचं जेवण, आणि दर खेपेला वेगळ्या मुलखाचं. ताम्हाण्यांनी राजस्थान केलं होतं, नीलू प्रधानने इटली. पुढचा मुलूख कोणता, हे आधीच्या महिन्याची यजमानीण ठरवणार. जुलैत नीलूने आपल्या घरी पास्ता वाढता वाढता फर्मान काढलं, "मृणाल, तुझ्याकडे कॅरिबियन. आता घरात जाणकारच येतेय ना तुझ्या!"

हसत हसतच बोलली, पण बोचायचं ते बोचलं. नीलू माझी पहिलीतली मैत्रीण. तिची जुई आणि माझा सारंग लहानपणी एका ताटात जेवायचे, तेव्हापासून आम्ही दोघींनी मनातल्या मनात अक्षता टाकून ठेवल्या होत्या. पोरांना कुणी विचारलं नव्हतं, तो भाग निराळा. मग सारंग तेलाच्या कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी त्रिनिदादला गेला. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर ती बेटं म्हणजे सांडलेली खसखस. 'प्रमुख पिके: ऊस, कोको' एवढं सांगून मी पुढच्या पानावर जायची. त्याच खसखशीतला एक दाणा माझ्या घरात येईल असं कुठे वाटलं होतं?

तिचं नाव चंद्रा जगरूप. पणजोबांचे वडील बिहारमधून ऊसतोडणीला बोटीने गेलेले, ते तिकडचेच झाले. आईवडील लहानपणी वारले, वडिलांच्या आईने वाढवलं. त्या आजीला ती 'आजी'च म्हणायची, अगदी आपल्यासारखं. पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आली होती, आणि त्या रविवारी तिला येऊन चार दिवस झाले होते.

सकाळी चहाच्या वेळी सारंग माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, संध्याकाळी सगळे असतीलच. जेवताना मी सांगून टाकणार आहे, आमचं लग्न ठरलंय म्हणून."

"बरं."

"आणि लग्नानंतर मी तिकडेच राहणार आहे. तेही सांगतो."

मी कप खाली ठेवला. "तिकडेच म्हणजे?"

"तिची आजी ऐंशीची आहे गं. तिला टाकून चंद्रा येणार नाही."

"आणि आम्हाला टाकून तू जाणार!"

मुकुंद, माझा नवरा, पेपरमागून म्हणाला, "अगं, त्याचा संसार आहे." मुकुंद आमच्या घरातली सगळी भांडणं पेपरमागूनच सोडवतो.

मी स्वयंपाकघरात येऊन वालाच्या बिरड्याला मोड आलेत का ते उगाचच बघत बसले. आज कुणी बिरडं खाणार नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की चारचौघांत शब्द गेला की तो परत घेता येत नाही. उद्या सकाळी नीलू सगळ्या नातेवाइकांत फोन फिरवील आणि माझा एकुलता एक मुलगा कायमचा सातासमुद्रापार गेलेला असेल. आजचा दिवस कसाही टळायला हवा होता. पुढे समजावलं असतं त्याला, रडले असते, मुकुंदला पेपरमागून ओढून बाहेर काढलं असतं.

दुपारी चारला चंद्राने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला गुंडाळली आणि माझ्या ओट्याशी उभी राहिली. उंच, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिच्यासमोर आम्ही सगळेच इंग्रजीत बोलायचो, मी मराठीत सांगते.

"श्रावण म्हणजे मासे नाहीत, रम नाही, बरोबर?" तिने बोटांवर मोजत विचारलं.

"बरोबर."

"मग आमच्या बेटावर उरलं काय?" ती हसली. "राजमा घातलेला नारळाचा भात, तळलेली केळी, आणि कॅलालू. तुमच्या अळूच्या पानांचं. ते मी करते, आंटी. तेवढं मला येतं."

कॅलालू म्हणजे काय, तर अळूची पानं, भेंडी, लाल भोपळा, कांदा-लसूण नारळाच्या दुधात शिजवून घोटलेलं. त्यावर एक अख्खी मिरची तरंगत ठेवायची, फुटू द्यायची नाही. आपल्या फदफद्याचंच चुलत भावंड, फक्त त्यात चिंच नाही.

ती पानं चिरायला बसली. मी नारळ खवत होते.

"माईआत्यांना काय चालतं खायला?" तिने मध्येच विचारलं.

माईआत्या म्हणजे मुकुंदची आत्या. वय चौऱ्याऐंशी, लग्न न केलेली, आमच्याकडेच असायची. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात चालायचा, पण गिळायला त्रास. ठसका लागला की डोळे पांढरे व्हायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, घशाला लागेल असं काही द्यायचं नाही.

"तिला मी साडेसातला तिच्या खोलीतच मऊ भात भरवते. तू नको तिची काळजी करूस," मी म्हटलं.

चंद्रा थोडा वेळ चिरत राहिली. मग सुरी खाली ठेवून तिने मनगट खाजवलं. एकदा, पुन्हा एकदा. मी बघत होते. आमच्याकडे अळू चिरण्याआधी हाताला खोबरेल चोळतात. मी तिला तेल दिलं नव्हतं. विसरले होते, खरंच विसरले होते.

"आंटी," तिने वर बघितलं, "हे घशाला खाजणारं आहे का? आमच्याकडे एक जात असते तशी."

चिंचेची बरणी तिच्या डोक्यावरच्याच फळीवर होती. नुसतं बोट दाखवायचं होतं.

मला सारंगचं सकाळचं वाक्य आठवलं, 'जेवताना सांगून टाकणार आहे.' आणि डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. पहिल्याच घासाला सगळ्यांचे घसे धरलेत, नीलू खोकतेय, ताम्हाणे पाण्यासाठी धावतायत, ताक आणा, गूळ आणा. त्या धांदलीत कसली लग्नाची गोष्ट निघतेय! आणि पुढे वर्षभर सगळे म्हणतील, ती त्रिनिदादची पोर, तिला साधं अळू येत नाही. घसा खाजून कुणी मरत नाही, घटकाभराचा तर त्रास.

"नाही," मी म्हटलं. "आपलं रोजचंच आहे ते."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असं मला वाटलं. मग मान हलवून ती पुन्हा चिरायला लागली. पुढे पातेल्यात सगळं शिजल्यावर तिने माझी रवी मागितली आणि दोन्ही तळव्यांत धरून अशी फिरवली, की माझी सासू असती तर तिथेच खूश झाली असती. मला तेव्हा तिचा रागच आला. इतकं चांगलं घोटायची काय गरज होती?

सहा वाजता मी साडी बदलायला गेले. अर्धा तास आरशासमोर बसले असेन. गळ्यात मोत्याची माळ घातली, काढली, पुन्हा घातली. अजून वेळ होता. बाहेर जायचं, म्हणायचं, अगं थोडी चिंच घालूया. तीनदा उठले, तीनदा बसले. बेल वाजली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आता माझ्या हातात काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

मुकुंदने भडक फुलांचा शर्ट घातला होता. नीलूचा नवरा सुहास वेस्ट इंडीजच्या क्रिकेट संघाची म्हणून मरून रंगाची टोपी घालून आला, मुकुंदला "काय कर्णिक, आज बाउन्सर पडणार का?" म्हणून मोठ्याने हसला. ताम्हाणे दांपत्याने कागदाचे माड आणले होते. नारळपाण्यात अननसाचा रस घालून मुकुंद सगळ्यांना देत होता, आणि रम नसल्याबद्दल दर पेल्यामागे श्रावणाची क्षमा मागत होता. नीलू सोफ्यावर ताठ बसली होती. चंद्रा तिच्या पाया पडली तेव्हा ती अर्धवट उठली, म्हणाली, "अगं बाई, हे कुणी शिकवलं?"

"माझ्या आजीने," चंद्रा म्हणाली.

मी माईआत्याचा भात घेऊन आत गेले, तर खोली रिकामी. बाहेर येऊन बघते तो काय, चंद्रा तिला चाकाच्या खुर्चीवरून थेट जेवणाच्या टेबलाशी आणत होती. माईआत्याने चक्क जांभळं लुगडं नेसलं होतं. केसांत फूल होतं.

"अगं, हिला इथे कशाला आणलंस?" मी घाईघाईने म्हटलं. "तिला चालणार नाही यातलं काही."

"कॅलालू चालेल," चंद्रा म्हणाली. "म्हणूनच तर केलं. मऊ आहे, गिळायला त्रास नाही. माझ्या आजीलाही दात नाहीत, ती रोज हेच खाते." आणि मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे पहिली वाटी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाची. ते खातात, मग बाकीचे."

"वा! फार सुरेख पद्धत," सुहास म्हणाला आणि टोपी काढून बसला.

सगळे टेबलाभोवती बसले. चंद्राने पातेल्यावरचं झाकण काढलं, मिरची अलगद बाजूला केली, डावाने एक वाटी भरली. हिरवंगार, वर नारळाच्या दुधाची साय. ती माईआत्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली. चमचा भरला. फुंकर घातली.

मी मुकुंदकडे बघितलं. तो कौतुकाने बघत होता. सारंगने घसा साफ केला. आता ही खाईल आणि मग तो बोलायला उभा राहणार, हे मला कळलं. मला वाटलं, एका चमच्याने काय होतंय. लगेच दोन वर्षांपूर्वीची ती रात्र आठवली, माईआत्याला साध्या पेजेचा ठसका लागला होता तेव्हाची. तिची नखं निळी पडली होती. मुकुंद तिची पाठ चोळत लहान मुलासारखा रडत होता. याच आत्याने माझ्या बाळंतपणात माझे पाय चेपले होते.

चमचा तिच्या ओठांशी पोचला.

"थांब!" मी किंचाळलेच. "नको देऊस! खाजरं आहे ते!"

चंद्राचा हात थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. टेबलावरच्या टेपवर त्या बेटांवरचं, पत्र्याच्या पिंपांवर वाजवलेलं संगीत चालू होतं, ते ताम्हाण्यांच्या बायकोने बंद केलं.

"खाजरं म्हणजे?" मुकुंद उठला.

"तेरं आहे ते. रानातलं. त्यात चिंच नाहीये. कुणीही वाढून घेऊ नका."

नीलूने आपली रिकामी वाटी मागे सरकवली आणि सुस्कारा सोडला. "अरे देवा! माईआत्याला काही झालं असतं म्हणजे? पण जाऊ दे मृणाल, तिला तरी कुठून कळणार बिचारीला? चिंच घालायची हे आपल्यातल्या मुलीला ठाऊक असतं. परक्या मुलखातली पोर ती."

जे मला दुपारपासून हवं होतं, ते नीलूने आयतं ताटात वाढून माझ्यापुढे सरकवलं होतं. मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं, कायमचं. सारंगने चंद्राकडे बघितलं, त्याच्या चेहऱ्यावर शरम होती. चंद्रा वाटी हातात धरून तशीच बसली होती. तिने स्वतःची बाजू मांडली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत होती.

"तिने विचारलं होतं," मी म्हटलं.

"काय?" नीलूला ऐकू गेलं नाही.

"तिने मला विचारलं होतं, खाजरं आहे का म्हणून. मला माहीत होतं. विकणारीने बजावलं होतं. मी तिला नाही म्हटलं. मुद्दाम."

"का पण?" सारंग उभा राहिला. "आई, का?"

"तू आज जे बोलणार होतास ना, ते तू बोलू नयेस म्हणून."

मुकुंद माझ्याकडे बघत राहिला. आज त्याच्या हातात पेपर नव्हता. मैत्रिणीसमोर, मुलासमोर, नवऱ्यासमोर माझी लक्तरं निघाली होती, आणि ती मीच काढली होती.

तेवढ्यात चमचा वाटीवर वाजला.

माईआत्याला जेमतेम ऐकू यायचं आणि तिला भूक लागली होती. आमचं हे सगळं चाललेलं असताना तिने चांगल्या हाताने चंद्राकडून चमचा काढून घेतला होता. मी "आत्या!" म्हणून धावले तोवर तिने गिळलंसुद्धा. मुकुंदने पाण्याचा पेला उचलला. आम्ही सगळे तिच्या घशाकडे बघत उभे.

माईआत्याने जीभ टाळ्याला लावून बघितली. दुसरा चमचा घेतला.

"चिंच आहे की गं ह्यात," ती म्हणाली. "जरा कमी पडलीय. पण आहे. कोण म्हणतं नाही म्हणून?"

मी तिथे थांबूच शकले नाही. स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मोरीच्या जाळीत चिंचेचा चोथा आणि दोन चिंचोके पडलेले होते. मघापासून तिथेच होते.

मागून चंद्रा आली. हातात रिकामी वाटी.

"त्यांना आणखी हवंय," ती म्हणाली.

"तुला केव्हा कळलं?"

"मनगट खाजलं तेव्हाच."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं." तिने बरणी फळीवरून काढली, उघडून दाखवली आणि पुन्हा जागेवर ठेवली. "तुम्ही साडी नेसायला गेलात तेव्हा घातली. आमच्याकडेही चिंच होते, आंटी."

"बाहेर का बोलली नाहीस? सगळे तुला नावं ठेवत होते."

"आधी बघत होते, तुम्ही काय करता ते. मग तुम्ही बोलायला लागलात." ती थांबली. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हेही आजीनेच शिकवलंय."

मला हसू आलं की रडू, मला अजून सांगता येत नाही. मी पदर डोळ्यांना लावला. माफ कर म्हणायचं होतं, पण शब्द फुटेना. जन्मभर पोरांना उभं करून माफी मागायला लावणारी बाई मी.

चंद्राने वाट बघितली. मग सरळ म्हणाली, "सारंग आता काही बोलणार नाही. तो चिडलाय. उद्याही बोलणार नाही, मी ओळखते त्याला. मग तुम्हीच सांगा."

"मी?"

"हो. तुमच्या मैत्रिणीसमोर."

"आणि तो तिकडे जाणार, तेही मीच सांगू?"

तिची नजर पहिल्यांदा खाली गेली. "तेही," ती म्हणाली. "आजी आहे तोवर. ती एकटी आहे, आंटी. तुमच्याकडे निदान काका आहेत."

मी वाटी भरली. बाहेर आले. सगळे होते तसेच बसलेले, सारंग खिडकीशी पाठ करून उभा. माईआत्यापुढे वाटी ठेवली आणि नीलूकडे बघून एका दमात बोलून टाकलं, "सारंगचं आणि चंद्राचं लग्न ठरलंय. लग्नानंतर दोघं त्रिनिदादला राहणार. तिथे तिची आजी आहे, तिला सांभाळायला."

सारंग वळला. नीलूचे डोळे भरले होते, आणि ते जुईसाठी होते की माझ्यासाठी, मी विचारायचं धाडस केलं नाही. तिने नाक पुसलं आणि आपली वाटी पुढे केली.

"वाढ मग," ती म्हणाली. "उपाशी ठेवतेस की काय आता?"

सारंग त्या रात्री माझ्याशी बोलला नाही. पुढे तीन आठवडे बोलला नाही. विमानतळावर पाया पडला, पण बोलला नाही. मग फोन यायला लागले, ते चंद्रा लावून द्यायची.

तिची आजी अजून आहे. सत्त्याण्णव वर्षांची. म्हणजे मुलं तिकडेच आहेत; दर दोन वर्षांनी पावसाळ्यात महिनाभर येतात. नातवंडांना तेरं आवडतं म्हणून मी जांभळी नाक्याला जाते. माईआत्या गेली, तेव्हा घरातली सगळ्यांत मोठी मीच झाले, कारण मुकुंद माझ्याहून दीड महिन्याने लहान. त्यामुळे पहिली वाटी माझी असते.

चंद्रा ती भरून आणते, माझ्यासमोर ठेवते, आणि मी पहिला घास गिळेपर्यंत हात बांधून उभी राहते. मग वळून पोरांना म्हणते, "बसा आता." ती हे गंमत म्हणून करते, की अजून तिचा विश्वास बसलेला नाही, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. मी वाटी उचलते आणि सगळी संपवते.